अँडीजपलीकडचे टपाल

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स आणि चिलीची राजधानी सँटियागो यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर आहे. आजचे जेट विमान हे अंतर दोन-सव्वादोन तासांत कापते. सँटियागोकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून थोडा वेळ अधिक लागतो. परतताना तोच वारा पाठीशी असतो आणि काही मिनिटांची बचत होते. या प्रवासाचा बहुतेक भाग पाम्पाच्या सपाट, एकसुरी गवताळ प्रदेशावरून जातो. मेंडोझा शहर मागे पडले की पट्टे बांधण्याची सूचना होते, विमान थोडे हादरते, खिडकीशी बसलेले प्रवासी बर्फाच्छादित शिखरांची छायाचित्रे काढू लागतात आणि पंधरा-वीस मिनिटांत पर्वतरांग संपून चिलीची हिरवी खोरी दिसू लागतात. मेंडोझा ते सँटियागो हे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटर भरेल. मात्र १९२९ सालापर्यंत दक्षिण अमेरिकेच्या हवाई नकाशावरची खरी भिंत हीच होती. ती भिंत फोडून तिच्यातून नियमित टपालाचा मार्ग काढणारा माणूस ना अर्जेंटिनाचा होता ना चिलीचा. तो उत्तर फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मलेला वैमानिक होता. त्याचे नाव ज्याँ मेर्मोझ.

९ डिसेंबर १९०१ रोजी ओबाँतोन या गावी मेर्मोझचा जन्म झाला. तो लहान असतानाच आईवडील विभक्त झाले. आई गॅब्रिएल मुलाला घेऊन निघाली खरी, पण तिची परिस्थिती बेताची, त्यामुळे मुलगा बराच काळ आजीआजोबांकडे वाढला. पुढे पहिले महायुद्ध सुरू झाले, उत्तर फ्रान्सचा तो मुलूख जर्मनांच्या ताब्यात गेला आणि मायलेकरांची ताटातूट झाली. ही ताटातूट त्याच्या मनात खोल रुतून बसली असावी, कारण पुढील आयुष्यात जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात असला तरी त्याने आईशी पत्रव्यवहार कधी तुटू दिला नाही. मुलगा अबोल, वाचनवेडा आणि चित्रकलेत रमणारा होता. वैमानिक होण्याची स्वप्ने त्याने लहानपणी पाहिल्याचे कोठे आढळत नाही. १९२० मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि तेथून विमानदलाकडे वळला. १९२१ साली दक्षिण फ्रान्समधील इस्त्र येथे त्याला वैमानिकाचा परवाना मिळाला.

सैन्याने त्याला सीरियात पाठवले. त्या काळी सीरिया फ्रान्सच्या अमलाखाली होता. पाल्मिराच्या परिसरातील वाळवंटावरून उडताना एकदा विमान बंद पडले आणि त्याला रणरणत्या उन्हात तहानेने व्याकूळ होऊन चालत परतावे लागले. इंजिन बंद पडणे ही त्या काळातील विमानांची नित्याची रीत होती. त्यामुळे वैमानिकाची पारख आकाशात जितकी होई, तितकीच जमिनीवर होई. मेर्मोझ या दोन्ही परीक्षांना उतरला. तरीही सैनिकी शिस्तीचा जाच त्याला मानवला नाही आणि १९२४ मध्ये तो बाहेर पडला.

त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातील सर्वांत खडतर होते. युद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये वैमानिकांचे अमाप पीक आले होते आणि विमाने मोजकी. उंचापुरा, भरदार शरीराचा हा तरुण पॅरिसमध्ये कामासाठी दारोदार फिरला. लिफाफ्यांवर पत्ते लिहिणे, मोटारी धुणे अशी मिळतील ती कामे त्याने केली, निराधारांच्या निवाऱ्यात रात्री काढल्या. त्याच सुमारास टुलूज येथील लातेकोएर कंपनीचे बोलावणे आले. ही कंपनी फ्रान्समधून स्पेनमार्गे आफ्रिकेत विमानाने टपाल नेत असे.

टुलूज येथे कारभार होता दिदिए दोरा यांच्या हाती. दोरा म्हणजे कडक शिस्तीचा, मितभाषी माणूस. कितीही अनुभव असला तरी नव्या वैमानिकाला आधी कार्यशाळेत पाठवून इंजिनांचे भाग धुवायला लावायचे, हा त्यांचा शिरस्ता. मेर्मोझने तेही केले. प्रत्यक्ष चाचणीच्या दिवशी मात्र त्याला राहवले नाही आणि कोलांट्या-गिरक्या घेत त्याने आपले कसब दाखवले. खाली उतरल्यावर शाबासकी मिळेल, ही त्याची अपेक्षा होती. सर्कशीतले खेळाडू येथे नकोत, असे दोरांनी त्याला सुनावले. मेर्मोझने सामान बांधायला घेतले. दोरांनी त्याला पुन्हा उडायला लावले आणि या वेळी त्याने शहाण्या मुलासारखे सरळ, संथ उड्डाण करून दाखवले. नोकरी पक्की झाली. टपालाच्या थैलीपुढे वैमानिकाची हौस गौण असते, हा धडा त्याला त्या दिवशी मिळाला. पुढे स्वतः प्रमुख वैमानिक झाल्यावर त्याने तोच इतरांना दिला.

प्रथम टुलूज ते बार्सिलोना, मग आलिकान्ते, मग आफ्रिकेच्या किनाऱ्याने कॅसाब्लांका ते डाकार असा त्याचा मार्ग लांबत गेला. सहाराच्या किनाऱ्यावर विमान उतरवावे लागले, तर तेथील टोळ्या वैमानिकाला पकडून ओलीस ठेवत. १९२६ मध्ये मेर्मोझही त्यांच्या हाती लागला आणि खंडणी भरल्यावर सुटला. तो सुदैवी ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचे काही सहकारी त्याच किनाऱ्यावर प्राणास मुकले.

१९२७ मध्ये कंपनीची मालकी मार्सेल बुइयू-लाफोँ यांच्याकडे गेली आणि तिचे नाव एरोपोस्ताल झाले. बुइयू-लाफोँ यांचा व्यवसाय दक्षिण अमेरिकेत पसरलेला होता. फ्रान्स ते चिली असा अखंड टपालमार्ग उभारायचा, अशी त्यांची महत्त्वाकांक्षा होती. या मार्गाचे तीन तुकडे होते. टुलूजहून आफ्रिकेचा पश्चिम किनारा, मधला अटलांटिक महासागर, आणि पलीकडे ब्राझीलमधील नाताल शहरापासून दक्षिणेकडे ब्युनोस आयर्सपर्यंतचा किनारा. त्याच्याही पुढे अँडीज. पहिला तुकडा तयार होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मेर्मोझ आणि एलिझे नेग्रँ यांनी टुलूज ते सेनेगलमधील सँ-लुई हे अंतर कोठेही न थांबता एका दिवसात पार करून दाखवले. त्यानंतर लगेच मेर्मोझची रवानगी दक्षिण अमेरिकेत झाली. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याची जबाबदारी आता त्याच्यावर होती. 

१ मार्च १९२८ रोजी फ्रान्स-दक्षिण अमेरिका टपालसेवा अधिकृतपणे सुरू झाली. महासागर ओलांडण्याचे काम जलद बोटींकडे होते. बाकी सर्व प्रवास विमानाने. पण एक विचित्र अडचण उभी राहिली. विमाने फक्त दिवसा उडत. सूर्य मावळला की वैमानिक उतरे आणि आगगाड्या नि जहाजे रात्रभर चालत राहत. दिवसा मिळवलेली आघाडी रात्री गमावली जाई. ब्युनोस आयर्स ते रिओ द जानेरो हे सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर आज तीन तासांच्या आत-बाहेर कापले जाते. त्या वेळी ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास चालणाऱ्या विमानाला थांबे धरून ते एका दिवसाच्या उजेडात उरकणे जड जाई. रात्री उडायचे ठरवले तर धावपट्टीवर दिवे नव्हते, विमानात भरवशाची उपकरणे नव्हती आणि हवामानाचा अंदाज सांगणारे ठिकाण जवळपास नव्हते.

मेर्मोझने रात्रीचे उड्डाण करायचे ठरवले. सहकाऱ्यांपैकी अनेकांना हा शुद्ध वेडेपणा वाटला, आणि तो तसा नव्हता असे आजही ठामपणे म्हणता येणार नाही. १६ एप्रिल १९२८ च्या रात्री त्याने ब्युनोस आयर्स-रिओ मार्गावर पहिले रात्रीचे टपाल-उड्डाण केले. उतरण्याच्या जागा दाखवण्यासाठी मैदानावर पेट्रोलचे जाळ पेटवले होते. बाकी भरवसा चंद्रप्रकाशाचा, किनाऱ्यावरच्या फेसाच्या रेषेचा आणि अंगात भिनलेल्या सवयीचा. इतरांना आज्ञा देण्यापूर्वी ते काम स्वतः करून दाखवायचे, ही त्याची पद्धत होती. म्हणूनच त्याच्या हाताखालच्या लोकांना तक्रारीला जागा राहिली नाही. हळूहळू सारेच रात्री उडू लागले आणि रात्रीचे उड्डाण हा वेळापत्रकाचा भाग झाला.

आता पश्चिमेची भिंत उरली होती.

अँडीज पूर्वी कोणी ओलांडलाच नव्हता, असे नव्हे. एप्रिल १९१८ मध्ये अर्जेंटिनाचा लुइस कांदेलारिया दक्षिणेकडील कमी उंचीच्या भागातून पलीकडे गेला होता. त्याच वर्षी डिसेंबरात चिलीच्या दागोबेर्तो गोदोयने सँटियागोकडून येऊन सर्वांत उंच भाग पार केला. १ एप्रिल १९२१ रोजी आद्रिएन बोलाँ या फ्रेंच तरुणीने तर अगदीच तुटपुंज्या ताकदीच्या विमानातून दऱ्यादऱ्यांतून वाट काढत मेंडोझाहून सँटियागो गाठले होते. पण ही सारी एकेकट्याची साहसे होती. हवा चांगली असेल तो दिवस निवडायचा, एकदा पार व्हायचे आणि हारतुरे स्वीकारायचे. टपालाचे तसे नसते. ते ठरलेल्या वारी निघावे लागते, हिवाळ्यातही निघावे लागते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा निघावे लागते. १९१० पासून या पर्वतातून एक रेल्वेमार्गही होता, परंतु ब्युनोस आयर्सहून पलीकडे पोहोचायला दीड-दोन दिवस लागत आणि हिमवर्षाव झाला की मार्ग बंद पडे.

विमानाला अडचण केवळ उंचीची नव्हती. या पट्ट्यातील अकोंकाग्वा शिखर ६९६१ मीटर उंच आहे आणि मेर्मोझकडे असलेले लाते-२५ जातीचे विमान त्या उंचीच्या जवळपासही पोहोचत नसे. म्हणजे शिखरांच्या वरून नव्हे, त्यांच्या मधून जायचे. त्यात वाऱ्याची गोम होती. पॅसिफिककडून येणारा वारा चिलीच्या बाजूने पर्वत चढतो आणि शिखरांपलीकडे अर्जेंटिनाच्या बाजूला धबधब्यासारखा खाली कोसळतो. या कोसळत्या हवेत सापडलेले विमान इंजिन पूर्ण जोरात असतानाही शेकडो मीटर खाली ओढले जाते. नदीतला भोवरा निदान दिसतो तरी. हा निरभ्र आकाशात, सूर्यप्रकाशात दडलेला असतो.

मार्च १९२९ मध्ये मेर्मोझने या पर्वतात मार्ग शोधायला सुरुवात केली. सोबत त्याचा यांत्रिक अलेक्सांद्र कोलेनो. पहिल्या फेरीत विमानविद्येतील मातब्बर असामी काउंट आँरी द ला व्हो हेही विमानात होते. पर्वतात शिरल्यावर इंजिनाने दगा दिला आणि मेर्मोझला एका अरुंद, उतरत्या पठारावर विमान टेकवावे लागले. विमान थांबेना, कड्याच्या दिशेने घरंगळू लागले. मेर्मोझने बाहेर उडी टाकली आणि पुढे धावत जाऊन स्वतःच्या देहाचा अडसर घालून ते थोपवले. काही दुरुस्ती करून तिघे तेथून निघाले आणि सँटियागोला पोहोचले. एखाद्याने एवढ्यावर समाधान मानले असते.

पण ९ मार्च रोजी मेर्मोझ आणि कोलेनो पुन्हा निघाले, या वेळी चिलीतील उत्तरेकडच्या कोपियापो गावाच्या बाजूने. वर चढणाऱ्या हवेचा आधार घेऊन कड्याच्या पलीकडे उडी मारायची, असा बेत होता. पलीकडे गेल्यावर कोसळत्या वाऱ्याने विमानाला पकडले आणि सुमारे ४००० मीटर उंचीवरच्या एका पठारावर आणून आपटले. चाकांचा सांगाडा मोडला, शेपटीचा भाग निकामी झाला. चारी बाजूंना कडे. खाली उतरण्याची वाट दिसेना, आणि असती तरी त्या थंडीत, अपुऱ्या कपड्यांत आणि जवळजवळ अन्नाविना ती चालून संपवणे कठीण होते.

येथे जे घडले, त्याचे श्रेय मेर्मोझइतकेच कोलेनोचे आहे, आणि चरित्रकारांनी ते नेहमीच पुरेसे दिले आहे असे नाही. पुढचे चार दिवस हा यांत्रिक विमान दुरुस्त करत राहिला. मोडलेले भाग विमानातल्याच अनावश्यक तुकड्यांनी सांधले. रात्रीच्या गोठवणाऱ्या थंडीत इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या फुटल्या. त्या कापडाच्या पट्ट्या, चामडे, रबर असे हाताला लागेल ते गुंडाळून बंद केल्या. मेर्मोझने दरम्यान पठाराची पाहणी केली. उड्डाणासाठी पुरेशी सपाट जमीन नव्हतीच. एक उतार होता, तो खालच्या एका पायरीवर संपत होता, त्यापुढे घळ, मग आणखी एक पायरी, पुन्हा घळ. विमानाने या पायऱ्यांवर चेंडूसारखे टप्पे घेत वेग पकडायचा आणि शेवटच्या कड्यावरून शून्यात झेपावायचे, एवढा एकच मार्ग उरला होता. वजन कमी करण्यासाठी विमानातून निघेल ते सर्व काढून टाकले. मग ते जड धूड दोघांनी मिळून उताराच्या माथ्यावर ओढत नेले. त्या विरळ हवेत दहा पावले चालले तरी धाप लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे या कामाची कल्पना येईल.

१२ मार्चच्या सकाळी ते निघाले. विमान टप्पे घेत गेले, दुरुस्त केलेली चाके टिकली आणि कड्याच्या टोकावरून ते दरीत झेपावले. खाली जाताना मिळालेल्या वेगाने पंखांना आधार मिळाला. वाटेत फुटक्या नळ्यांतून पाणी गळत होते, इंजिन तापत होते. तरी ते कोपियापोला उतरले. या दोघांची हकीकत ऐकून चिलीतील अनेकांचा तिच्यावर विश्वास बसला नाही.

या सुटकेने मेर्मोझचे नाव झाले, पण टपालाचा प्रश्न सुटला नव्हता, आणि हे त्याला इतरांपेक्षा अधिक कळत होते. धैर्य दर आठवड्याला वेळापत्रकात घालता येत नाही. हवे होते वेगळे विमान. ते पोतेझ-२५ या सैनिकी बनावटीच्या दुपंखी विमानाच्या रूपाने मिळाले. त्याचे इंजिन ४५० अश्वशक्तीचे होते आणि ते शिखरांच्या पातळीपर्यंत चढू शकत होते. बैठक उघडी असल्याने थंडी हाडे फोडी, पण उंची हाताशी असली की कोसळता वारा निदान जीव घेण्याआधी सावरण्याची संधी देतो. १५ जुलै १९२९ रोजी, म्हणजे दक्षिण गोलार्धातील ऐन हिवाळ्यात, मेर्मोझ आणि त्याचा मित्र आँरी गियोमे यांनी ब्युनोस आयर्स-सँटियागो टपालमार्ग सुरू केला. दोन दिवसांचे अंतर आता एका दिवसाच्या उजेडात बसू लागले.

मार्ग उघडणे हे मेर्मोझचे काम, तो चालवणे गियोमेचे. त्याने पुढे जवळजवळ चारशे वेळा अँडीज ओलांडला. यातील एका फेरीत, १३ जून १९३० रोजी, हिमवादळाने त्याला लागुना देल दियामांते या सरोवराच्या काठी खाली आणले आणि पाच दिवस-चार रात्री बर्फातून चालत तो माणसांत परतला. त्याच्या शोधात दिवसेंदिवस शिखरांवरून घिरट्या घालणाऱ्यांत ब्युनोस आयर्समध्ये कंपनीचे काम पाहणारा आंत्वान द सेंतेक्झुपेरी होता, जो पुढे लेखक म्हणून जगप्रसिद्ध झाला. हे सारे एकाच वयाचे, एकाच वेडाने झपाटलेले मित्र. पत्रांच्या थैल्यांसाठी जीव धोक्यात घालणे योग्य होते काय, हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता. थैलीत व्यापाऱ्यांच्या हुंड्या असत, घरची खुशाली असे, प्रेमपत्रे असत. कोणाच्या प्राणांची किंमत व्हावी असे त्यात क्वचितच काही असेल. लातेकोएर आणि एरोपोस्तालच्या मार्गांवर शंभराहून अधिक माणसे कामी आली. मेर्मोझने या प्रश्नाचे उत्तर वादविवादात कधी दिले नाही. तो पुढच्या मार्गाकडे वळला.

तो मार्ग अटलांटिकचा होता. बोटींमुळे टपालाचे मधले काही दिवस वाया जात होते. मेर्मोझने लाते-२८ जातीच्या, तरंड्यांवर उतरणाऱ्या विमानातून महासागर ओलांडायचे ठरवले. त्या विमानाला काउंट द ला व्हो यांचे नाव दिले होते. अँडीजमधल्या त्या कड्यावरून वाचलेले काउंट १९३० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत विमान अपघातात मरण पावले होते. उड्डाणाला दोन दिवस उरले असताना आणखी एक आघात झाला. १० मे १९३० च्या रात्री माँटेव्हिडिओजवळ धुक्यात कंपनीचे एक टपाल-विमान पाण्यात कोसळले. त्यात कंपनीचे दक्षिण अमेरिकेतील प्रमुख ज्युलियँ प्रांव्हिल, रेडिओचालक प्रुनेता आणि वैमानिक नेग्रँ हे तिघे बुडाले. टुलूज ते सँ-लुई उड्डाणातला मेर्मोझचा जोडीदार तो हाच नेग्रँ. जी रात्रीची उड्डाणे मेर्मोझने सुरू केली होती, त्यांपैकीच हे एक होते. प्रांव्हिल निघाले होते ते नातालला, मेर्मोझच्या स्वागतासाठी.

१२ मे रोजी मेर्मोझ, दिशादर्शक ज्याँ दाब्री आणि रेडिओचालक लेओपोल्द जिमिए सँ-लुईहून निघाले. विषुववृत्ताजवळ वादळी ढगांचा जो पट्टा आहे तो त्यांना रात्री लागला. दमट उष्णतेने आणि पावसाच्या माऱ्याने तिघे बेजार झाले. एकवीस तासांनी, १३ मेच्या सकाळी, ते नातालला उतरले. सुमारे ३२०० किलोमीटर समुद्र त्यांनी एका दमात पार केला होता. त्या थैल्या पुढे हातोहात दक्षिणेकडे गेल्या, ब्युनोस आयर्सला पोहोचल्या, आणि अँडीज ओलांडून सँटियागोलाही. टुलूज ते चिली हा प्रवास प्रथमच पाच दिवसांच्या आत आला. जुलैमध्ये परतताना तेल गळू लागल्याने त्याला भर समुद्रात एका टपालबोटीजवळ उतरावे लागले. माणसे आणि थैल्या वाचल्या, विमान बुडाले. त्याच वर्षी त्याने ब्युनोस आयर्समधील फ्रेंच कुटुंबातल्या जिल्बेर्त शाझोत हिच्याशी विवाह केला. तो संसार फार काळ टिकला नाही.

यानंतरचा त्याचा काळ आकाशापेक्षा कचेऱ्यांतील झगड्यात अधिक गेला. १९३१ मध्ये एरोपोस्ताल दिवाळखोरीत निघाली, राजकीय चिखलफेक झाली, दोरा आणि बुइयू-लाफोँ दोघेही बाजूला पडले. १६ जानेवारी १९३३ रोजी मेर्मोझने ‘आर्क-आँ-सिएल’ म्हणजे ‘इंद्रधनुष्य’ या तीन इंजिनांच्या विमानातून सँ-लुई ते नाताल हे अंतर साडेचौदा तासांच्या आत पार केले. एवढे सिद्ध होऊनही असे विमान नियमित सेवेत यायला सरकारी दिरंगाई आड आली. त्याच वर्षी एअर फ्रान्स स्थापन झाली आणि मेर्मोझ तिचा नामांकित वैमानिक ठरला. जुनी, थकलेली विमाने समुद्रावर पाठवण्याविरुद्ध तो सतत भांडत राहिला. फेब्रुवारी १९३६ मध्ये ‘व्हिल द ब्युनोस आयर्स’ हे टपाल-विमान अटलांटिकवर नाहीसे झाले. त्यात कोलेनो होता.

याच काळात मेर्मोझ राजकारणात ओढला गेला. कर्नल द ला रॉक यांच्या ‘क्र्वा-द-फ’ या उजव्या संघटनेशी तो जोडला गेला आणि १९३६ मध्ये तिच्यातून निघालेल्या पक्षाचा उपाध्यक्ष झाला. वाळवंटात आणि पर्वतात अनुभवलेला बंधुभाव देशाच्या कारभारातही आणता येईल, असे त्याला वाटत असावे. त्याच्या जुन्या मित्रांपैकी सर्वांना हे रुचले नाही. त्याच्या चरित्रातील हा भाग गाळून केवळ वीरगाथा सांगण्याची प्रथा आहे. ती त्याच्यावर अन्याय करणारी आहे, कारण माणूस निर्णय घेतो तेव्हा त्याची चूकही त्याचीच असते.

७ डिसेंबर १९३६, सोमवार. मेर्मोझ डाकारहून नातालकडे ‘क्र्वा-द्यु-स्यूद’ या चार इंजिनांच्या सागरी विमानातून निघाला. ‘दक्षिणेचा क्रॉस’ असे त्या नावाचे भाषांतर होईल. सोबत पिशोदू, एझाँ, क्र्युव्हेये आणि लाव्हिदाली हे चार सहकारी. पहाटे उड्डाण झाले, पण मागच्या उजव्या इंजिनाच्या पंख्यात दोष जाणवल्याने तो परत आला. दुसरे विमान तयार नव्हते. तात्पुरती दुरुस्ती झाली आणि सकाळी सातच्या सुमारास टपाल घेऊन तो पुन्हा निघाला. १० वाजून ४७ मिनिटांनी डाकारच्या रेडिओ केंद्राला संदेश मिळाला, की मागचे उजवे इंजिन बंद करत आहोत. संदेश मध्येच तुटला. पंखा निखळून त्याने विमानाचा मागचा भाग कापला असावा, असा तर्क नंतर केला गेला. विमानाचा अवशेष सापडला नाही, माणसांचाही नाही. ही मेर्मोझची अटलांटिकवरील चोविसावी फेरी होती. दोन दिवसांनी त्याचा पस्तिसावा वाढदिवस होता.